खर्ऱ्याच्या पुडीचं रबर

कापूस घरात आला की आमच्या घरातले आवाज कमी होतात. बैठकीची खोली पार आढ्यापर्यंत भरते, बोललेलं सगळं त्या ढिगात मुरून जातं, आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. घाटंजीपासून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. दिवाळी झाली की वेचणीचा कापूस येऊन पडतो, तो भाव चढायची वाट पाहत संक्रांतीपर्यंत आमच्यासोबतच राहतो. त्याची खाज सुटते, अंगावर पुरळ उठतं, सासूबाई रोज शिव्या घालतात. माझ्या पोरीला मात्र त्याचं काहीच नसायचं. शाळेतून आली की दप्तर फेकायची, ढिगावर चढायची आणि तोंड उघडं टाकून तिथंच झोपून जायची.

मी दारात उभी राहून तिला पाहायची. दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून आत यायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगत असायचे, आणि त्या उजेडात तिचे वरचे दोन मोठे दात दिसायचे. नुकतेच आलेले, कडांना करवतीसारखे बारीक दाते असलेले. दोघांच्या मध्ये ज्वारीचा दाणा बसेल एवढी फट. मला वेळेचं भान राहायचं नाही. चुलीवरचं वरण उतू गेलं तरी मी तिथंच उभी. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

फट माझीच होती. माझ्याही दातात तशीच आहे, अजून आहे. बोरी अरबला माझ्या माहेरी मला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाची आत्या म्हणाली होती, "पोरगी चांगली आहे बाप्पा, पण हासली की खिडकी उघडी दिसते." सगळे हसले. मीही हसले, तोंडावर हात ठेवून. ते स्थळ जमलं नाही. का जमलं नाही ते कोणी सांगितलं नाही, पण मी आपलं ठरवून टाकलं, आणि तो हात तोंडावर राहिला तो राहिलाच. पुढं ह्यांचं स्थळ आलं. लग्नानंतर मी एकदा ह्यांना विचारलं, "माझे दात पाहिले होते का तुम्ही?" तर म्हणतात, "दात? मी तं पोह्यातले शेंगदाणे शोधून राह्यलो होतो." असा माणूस. त्याच्यावर रागवावं तरी कसं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "दातात फट असलेली पोरगी नशीबवान असते. लक्ष्मी त्याच वाटेनं घरात येते."

"माझ्या वाटेनं आली का मग?" मी एकदा कुजकटपणे विचारलं. माझा स्वभावच तसा, तोंडाला कुलूप नाही.

"तू आली नं," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. मला गप्प करणं सोपं नाही, पण त्यांना ते जमतं.

त्या साली शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर झालं. शहरातून एक तरुण डॉक्टर आला होता. त्यानं वऱ्हांड्यात खुर्ची टाकून पोरांची तोंडं पाहिली. पालकांना बोलावलं होतं, पण कापूस सोडून कोण येतं? मी गेले. त्यानं पोरीचा वरचा ओठ उचलून आतली शीर दाखवली, ओठापासून हिरडीपर्यंत दोरीसारखी आलेली. म्हणाला, ही थोडी जाड आहे, अशी असली की दातांच्या मध्ये जागा राहू शकते. काहींचे दात लहान आणि जबडा मोठा असतो, काही पोरं जीभ दाताला रेटतात, त्यानंही फट पडते. मग तो माझ्या दातांकडे पाहून हसला, "आणि काहींना घरूनच मिळते." पण या वयात बऱ्याच पोरांना अशी फट असते, काळजी करू नका, असं त्यानं सांगितलं. वर हाडात सुळे लपलेले असतात, ते खाली उतरताना पुढच्या दातांना ढकलून जवळ आणतात. अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबा. नाहीच मिटली तर मग ती शीर कापता येते, तारा बसवता येतात. "आत्ता काही करायचं नाही," तो म्हणाला, "फक्त थांबायचं."

थांबायचं! मला तो शब्दच सोसत नाही. दूध उकळायची वाट पाहत नाही मी, जाळ मोठा करते. तरीही मी थांबले असते, खरंच सांगते. पण पुढच्याच आठवड्यात शाळेत फोटो काढायचा होता. मी तिला सोडायला गेले होते; फोटोवाल्यानं पोरांना ओळीत उभं केलं आणि माझ्या पोरीला म्हणाला, "बेटा, तू तोंड मिटून हास." वाईट मनानं म्हणाला नसेल. पण फोटो झाला, पोरं पांगली, कोणीतरी काहीतरी विनोद केला आणि माझी पोरगी हसली. हसताना तिचा उजवा हात वर गेला आणि तोंडावर बसला.

तो हात मी ओळखला. दिवसभर काम सुचलं नाही. कापसाच्या पऱ्हाटीत बोंडं वेचताना मी एकच गोष्ट मनात घोळवत होते की माझ्या पोरीचं आयुष्य त्या हाताच्या आड जाऊ द्यायचं नाही.

वेचणीला बायका असल्या की तोंडं हातांपेक्षा जोरात चालतात. मी बोलून गेले, आणि शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "त्यात काय आहे वं? माह्या बहिणीच्या पोरीले रबर बांधलं होतं दोन्ही दाताले. आठ दिवसात दात चिकटले." मोबाईलवर पण दाखवतात म्हणे. बस, मला तेवढंच हवं होतं.

रबर शोधायला कुठं जावं लागलं नाही. हे खर्रा खातात. आमच्याकडे अर्ध्या गावाच्या गालात खर्रा असतोच, सुपारी, तंबाखू, चुना घोटून पानठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीत बांधून देतो, आणि त्या पुडीच्या तोंडाला एक बारकं रबर लावलेलं असतं. घरातल्या बायका ती रबरं फेकत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला त्यांचा झुपका लटकलेला असायचा. मिठाच्या पिशवीला तेच, मेथीच्या जुडीला तेच, पोरीच्या वेणीच्या टोकाला तेच. मी त्यातलं सगळ्यात बारकं निवडलं, गरम पाण्यात उकळून घेतलं. बाप्पा, किती हुशार समजत होते मी स्वतःला! उकळलं म्हणजे झालं, असं वाटलं.

संध्याकाळी जेवण झाल्यावर पोरीला ढिगावर बसवलं आणि दोन्ही दातांभोवती ते रबर चढवलं. "थोडं दुखते," ती म्हणाली.

"दुखणारच. दात चालून राह्यले न जवळजवळ. कोणाले सांगू नको बरं, आजीले तं बिलकुलच नाही."

ती खुश झाली. आम्हा दोघींचं गुपित तयार झालं. सकाळी शाळेत जाताना काढायचं, संध्याकाळी पुन्हा चढवायचं. ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. थंडी होती, घरात कापसाचा आणि पोरीच्या केसातल्या तेलाचा वास होता, आणि रोज सकाळी मी तिची हनुवटी धरून खिडकीशी नेऊन पाहायची. फट खरंच कमी होत होती. ज्वारीचा दाणा गेला, मग तिळाएवढी राहिली, मग सुईएवढी. सहाव्या-सातव्या दिवशी दात एकमेकांना टेकले. मी तिला छातीशी धरून फिरवलं. आम्ही दोघी कापसावर पडलो आणि कितीतरी वेळ आढ्याकडे पाहून हसत होतो. तिचा हात वर गेला नाही, हे मी पाहून ठेवलं.

आणखी दोन दिवस घालू, पक्कं होईल, म्हणून मी पुन्हा रबर चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर रबर नाही. "कुठं गेलं वं?" तिलाही माहीत नाही. झोपेत निघून पडलं असेल, असं आम्ही धरलं. ती आदल्या रात्री ढिगावरच झोपली होती. मग माझा जीव कापसात अडकला, कारण कापसात रबर सापडलं तर व्यापारी सगळ्या गाडीला नाव ठेवतो. आम्ही मायलेकी सकाळभर ढीग उपसत बसलो, मूठमूठ कापूस उन्हात धरून पाहत. डोळे चुरचुरले, नाकात तंतू गेले. रबर काही सापडलं नाही. त्या साली भाव लवकर चढला; चार दिवसांनी गाडी आली, कापूस जिनिंगच्या कारखान्यात गेला, खोली रिकामी झाली आणि घरात आवाज पुन्हा घुमायला लागला. रबरही गाडीसोबत गेलं असणार, म्हणून मी सोडून दिलं. दात तर चिकटले होते.

पंधरा-वीस दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "पोट्टीचे दात लंबे काहून दिसून राह्यले?"

मी पाहिलं. खरंच ते दोन दात शेजारच्या दातांपेक्षा खाली उतरल्यासारखे दिसत होते. वरची हिरडी लाल, फुगलेली. बोट लावलं तर रक्त आलं. ती भाकरीचा पापुद्रा दातानं तोडायची सोडून वरणात कुस्करून खात होती, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी, जी तिचे दात दिवसातून दहा वेळा पाहायची!

सासूबाई, मी आणि पोरगी घाटंजीला गेलो. बाजाराचा दिवस होता, दवाखान्याच्या दारापर्यंत मिरच्यांची पोती लागली होती. डॉक्टरांनी पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "दाताला काही बांधलं होतं का? धागा, रबर, असं काही?"

आता बघा, मी काय केलं ते. सासूबाई माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. माझ्या मनात आलं, रबर तर पडून गेलं, मग सांगून काय उपयोग? उगाच यांच्यासमोर शोभा. आणि मी म्हणाले, "नाही."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. सासूबाईंना काही कळलं नाही. डॉक्टरांनी दात साफ केले, गोळ्या दिल्या, गुळण्या सांगितल्या. येताना मी पोरीला जिलबी घेऊन दिली. तिनं ती मागच्या दातांनी खाल्ली.

गोळ्या संपल्या. सूज थोडी उतरली आणि पुन्हा आली. एक दिवस मी तिची वेणी घालत होते, आणि आरशात मला दिसलं की ती जिभेनं आतून दात ढकलते आहे आणि दात हलतो आहे. दुधाचे दात हलतात तसा. आमच्याकडे दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकतात, नवीन येतो. पण हे नवीनच दात होते. यांच्यानंतर काही येणार नव्हतं. नऊ वर्षांची पोरगी आणि पुढचे दोन्ही दात जाणार, माझ्या हातानं. मी वेणी अर्धीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी एकटीच तिला यवतमाळला घेऊन गेले. वाटेत धुकं होतं. तुरीची वावरं येत होती आणि विरघळत होती, आणि पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मला वाटत होतं ही बस कधी पोचूच नये. पोचली नाही तर कोणी काही सांगणार नाही, कोणी काही विचारणार नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी फोटो काढला दातांचा, तो पडद्यावर लावला आणि पेनानं दाखवलं. दोन्ही दातांच्या मुळांभोवती हाड खाल्ल्यासारखं काळं दिसत होतं. "दात हाडात पाय रोवून उभे असतात," त्या म्हणाल्या. "यांच्या पायाखालची जमीनच गेली आहे. दोन्ही जाऊ शकतात. वाचवायचे तर आधी कारण कळलं पाहिजे. या वयात दोनच दातांना असं होत नाही." मग त्या माझ्याकडे नाही, पोरीकडे वळल्या. "बेटा, तू दाताला काही लावलं होतंस?"

पोरीनं एक क्षणही घेतला नाही. "हाव. रबर. मीच घातलं होतं."

"कुठून घेतलंस?"

"बाबाच्या खर्ऱ्याच्या पुडीचं. आईले माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "अगं वेडाबाई. असं आईला न विचारता करतात का? दात गेले म्हणजे?" त्या रागावत नव्हत्या खरं तर, पण पोरीची मान खाली गेली. खुर्चीत ती आणखीच लहान दिसायला लागली. त्या हिरव्या खुर्चीच्या हातावर तिनं मूठ घट्ट धरली होती, आणि माझ्याकडे ती बिलकुल पाहत नव्हती.

"खोटं बोलून राह्यली ते," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की बाहेरची बाई डोकावली. "मी घातलं. माझ्या हातानं घातलं, रोज घातलं. तिले म्हटलं कोणाले सांगू नको. अन् घाटंजीच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा मीच नाही म्हटलं. तिचा काही दोष नाही मॅडम, तिले काही बोलू नका." आणि मग मी रडले, भोकाड पसरून, माझ्या वयाला न शोभेल तसं.

त्यांनी मला पाणी दिलं. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. "आता कुठं शोधायचं ते कळलं. फोटोत रबर दिसत नाही." मग त्यांनी समजावलं. दाताचं मूळ वर निमुळतं होत जातं. त्यावर चढवलेलं रबर खाली पडत नाही, ते वर सरकत जातं, हिरडीच्या आत, आणि आत बसून हाड कुरतडत राहतं. फट मिटते तीच मुळात त्यामुळं. तारा लावतात तेव्हा दात मोजून मापून, महिनोन्‌महिने हळूहळू सरकवतात, डोळ्यासमोर. "तुम्ही कापसात शोधत होतात," त्या म्हणाल्या, "आणि ते पहिल्यापासून तिच्या हिरडीतच होतं."

सुई देऊन त्यांनी हिरडी थोडी उघडली. मी पोरीचा पाय धरून उभी होते. चिमट्यात ते रबर बाहेर आलं, आख्खंच्या आख्खं, तपकिरी झालेलं. आतलं सगळं धुऊन, साफ करून त्यांनी दातांच्या मागून एक बारीक तार शेजारच्या दातांपर्यंत चिकटवली, हलू नयेत म्हणून. सहा महिने पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. वाचतील की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. थांबावं लागेल.

घरी येऊन मी सासूबाईंना आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे उठून अंगणात जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी पोरीसाठी पातळ खिचडी टाकली आणि मला म्हणाल्या, "तू पण खाय. सकाळपासून काही खाल्लं नसन."

मग आम्ही थांबलो. दर महिन्याला यवतमाळ. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाई दर वेळी दात हलवून पाहायच्या आणि मान हलवायच्या. सहाव्या महिन्यात त्या पहिल्यांदा हसल्या. हाड भरून येत होतं. दोन्ही दात राहिले. दोघांच्या मध्ये हिरडी थोडी वर सरकली आहे, तिथं एक बारका काळा त्रिकोण दिसतो, तो आता जन्मभर तिच्यासोबत आहे. तार काढल्यावर फट पुन्हा आली, पहिल्यापेक्षा थोडी कमी. आता ती बारा वर्षांची आहे, सुळे उतरत आहेत, पुढं काय करायचं ते डॉक्टरीणबाईच ठरवतील. मी त्या दातांना बोट लावत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या यवतमाळच्या दिवसानंतर तीन दिवसांनी झालं. तिची सूज उतरली होती. आम्ही दोघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, हिरव्या, ओल्या. ऊन अंगावर येत होतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तिथं खोटं काहून बोलली तू? मले वाचवायले?"



"मले कोणी बोललं तं मी विसरून जातो," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही मले. तू नाही विसरत आई. ते आत्याबाई तुले खिडकी म्हणे, ते तू अजून सांगत राह्यते. मंग मॅडमनं तुले बोललं असतं तं तू ते पण मरेपर्यंत घेऊन बसली असती."

तोंडाला कुलूप नसलेली मी, अर्धी सोललेली शेंग हातात तशीच धरून बसले. ती बोलताना तिचा हात कुठं आहे ते पाहायचंही मला सुचलं नाही. मी इतके दिवस तिच्या दातांकडे पाहत होते, आणि ही एवढीशी पोट्टी सगळा वेळ माझ्याकडे पाहत होती.